नदीच्या आत्मवृत्तात मासा कुठे आहे?



‘नदीचे आत्मवृत्त’ हा निबंध न शिकवलेला मराठीचा शिक्षक सापडणं कठीण. साचाही ठरलेला आहे. डोंगराच्या कुशीत जन्म, खळाळतं बालपण, मैदानातलं शांत वय, मग धरण, धरणाचे फायदे, शेवटी प्रदूषणाबद्दल दोन अश्रू आणि सागरमीलन. मीही गेली कित्येक वर्षं हाच साचा फळ्यावर लिहून देत आले. पोरं तो पाठ करतात, गुण मिळतात, सगळे खूश.

मागच्या वर्षी सातवीच्या वह्या तपासताना एका मुलीच्या निबंधात धरणाच्या परिच्छेदात एक वाक्य सापडलं: ‘धरणापाशी मासे येतात, भिंतीला डोकं लावतात आणि परत जातात.’ मी त्याखाली लाल रेघ मारली. समासात लिहिलं, ‘विषय सोडून.’ अर्धा गुण कापला. आज हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते, पण खरं ते सांगायला हवं.

पालकसभेला तिची आजी आली. माहुल कोळीवाड्यातली, आयुष्यभर मासळी विकलेली बाई. वही उघडून त्या रेघेवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, “बाई, मासली वर नाय गेली तं अंडी कुठं घालंल?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पर्यावरणावर दरवर्षी पाच-सहा तास बोलते, आणि मला हा साधा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

त्या दिवसापासून जे वाचलं, विचारलं, बघितलं त्यातून माझं एक मत बनलंय, आणि ते तुमच्यासमोर ठेवतेय. आपण मुलांना धरण शिकवतो ते फक्त पाणी पिणाऱ्याच्या बाजूनं. पाण्यात राहणाऱ्याची बाजू आपल्या पाठात नाही. ती आली पाहिजे. आणि ती आणायची तर परदेशातल्या माशांच्या जिन्यांची चित्रं दाखवून भागणार नाही. आपल्या नद्यांच्या, आपल्या माशांच्या आणि आपल्याच बंधाऱ्यांच्या गोष्टीनं सुरुवात करावी लागेल.

आमचा वर्ग कसा आहे ते आधी सांगते, म्हणजे मी माहुलमधून हे का लिहितेय ते कळेल. बाकांवर दोन तऱ्हेची मुलं बसतात. काही कोळीवाड्यातली, ज्यांच्या घराच्या मागे खाडी. काही मोठ्या पुनर्वसन इमारतींमधली. यातली बरीच कुटुंबं पूर्वी तानसा जलवाहिनीच्या कडेला राहायची. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी करायची ठरली, घरं तुटली आणि माणसं इथे रिफायनऱ्यांच्या शेजारी आली. त्या मुलांना ‘पाईपलाईन’ हा शब्द आजही गावाच्या नावासारखा वाटतो. “बाई, मी पाईपलाईनचा,” असं सांगतात. म्हणजे एका बाकावर खाडीतला मासा ओळखणारं पोर आणि शेजारी धरणाच्या पाईपाला टेकून मोठं झालेलं पोर. धडा तयारच होता, मलाच दिसला नाही.

तो पाईप कुठून येतो? तानसा धरण १८९२ चं. तानसा ही वैतरणेचीच उपनदी. खुद्द वैतरणेवर मुंबईच्या पाण्यासाठी तीन धरणं आहेत: १९५७ चं मोडक सागर, १९७३ चं ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ चं मध्य वैतरणा, ज्याची भिंत शंभर मीटरच्या वर उंच आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली नदी समुद्राला भेटेपर्यंत तिच्या अंगावर एकामागून एक तीन भिंती. शिवाय भातसा, जिथून मुंबईचं जवळपास निम्मं पाणी येतं. रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी या शहराला मिळतं आणि ते नसतं तर मी आज हा लेख लिहायला इथे नसते. त्यामुळे ‘धरण वाईट’ असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही मुलांना तसं सांगू नका. सकाळी नळ सोडून दात घासायचे आणि दुपारी वर्गात धरणाला शिव्या घालायच्या, हे पोरांच्या लगेच लक्षात येतं.

आता मासे. आपल्या डोक्यात प्रवासी मासा म्हटलं की सामन येतो, कारण टीव्हीवर तो उड्या मारताना दिसतो. पण कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला ‘चढणीचे मासे’ विचारा. रायगड, ठाणे, पालघरकडे ‘वलगण’ म्हणतात. पहिला मोठा पाऊस पडला, ओढे गढूळ होऊन खाली धावायला लागले की मासे उलट्या दिशेनं, पाण्याच्या धारेवर चढत ओढ्यात, तिथून शेतात, भाताच्या खाचरात जातात. अंडी घालायला. खाचरातलं पाणी उथळ, कोमट, किड्यांनी भरलेलं, मोठे मासे नाहीत. पिल्लांसाठी याहून चांगली बालवाडी नाही.

आजीनं मला पहिलं नाव सांगितलं ते चिवणीचं. लांब मिशांची, काट्याची ही छोटी मासळी एरवी खाडीच्या मचूळ पाण्यात असते. पाऊस लागला की गोड्या पाण्याच्या वासानं वर सरकते. उरण-पनवेलकडे पहिल्या पावसातली गाबोळीची चिवणी म्हणजे सण असतो. आता त्याच वाटेवर उलटा प्रवास करणारा बघा: जिताडा. त्याला खारं पाणी अंडी घालायला लागतं. पावसाच्या सुरुवातीला तो नदीच्या मुखाकडे जातो. पिल्लं भरतीबरोबर खाड्यांत, खाजणांत, तळ्यांत शिरतात आणि गोड्या पाण्यात वाढतात. (गंमत म्हणून मुलांना सांगा, जिताडा आधी काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. माझ्या वर्गात यावर दहा मिनिटं दंगा झाला.) गोड्या पाण्यातली मोठी कोलंबीसुद्धा अंडी घेऊन खाली मचूळ पाण्याकडे येते आणि तिची पिल्लं पुन्हा वर चढतात.

अहिर तर थेट खोल समुद्रात जाऊन अंडी घालतो. सापासारखा दिसणारा हा मासा कित्येक वर्षं नदीत काढतो. भीमा-कृष्णेसारख्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांतही तो आहे, म्हणजे त्याचा समुद्र म्हणजे पार पलीकडचा बंगालचा उपसागर. वाटेत किती धरणं येत असतील ते नकाशावर पोरांना मोजायला लावा. देशातली सर्वात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांच्या वर. बोटं पुरत नाहीत.

आणि समुद्राशी काही संबंध नसलेला, पण नदीतल्या नदीत वर-खाली करणारा महसीर. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन छापलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात इथल्या बोलीतला ‘खुद्री’ हा शब्द कायमचा ठेवला. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या डोहातले महसीर कुणी मारत नाही, देवाचे मासे म्हणून लोक त्यांना खाऊ घालतात. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीतही तसंच. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या नदीत देवाचे मासे राहतात, हे माझ्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आता भिंत आडवी आली की काय होतं? मुलांना वाटतं मासा फक्त अडकतो. पण त्याहून जास्त होतं. चढणीच्या माशाला पहिल्या लोंढ्याची हाक लागते. धरण तो लोंढा आपल्या पोटात साठवून घेतं, कारण त्याचं कामच ते आहे. खाली नदीत पाणी वाढत नाही, गढूळ होत नाही, आणि मासा वाट बघत बसतो. पुढे धरण भरलं की अचानक दरवाजे उघडतात आणि चुकीच्या वेळी, चुकीच्या वेगानं पाणी येतं. आजीच्या नातीनं ‘भिंतीला डोकं लावतात’ असं लिहिलं होतं. खरं तर बऱ्याचदा भिंतीपर्यंत जायची हाकच त्यांना मिळत नाही.

याचा हिशेब जगात झालेला आहे. गोड्या पाण्यातल्या प्रवासी माशांच्या ज्या २८४ जातींवर शास्त्रज्ञांनी नजर ठेवली, त्यांच्या संख्येत १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत सरासरी ८१ टक्के घट झाली. सगळा दोष धरणांचा नाही, मासेमारी आणि घाणही आहे, पण अडवलेल्या वाटा हे त्यातलं मोठं कारण.

हे वर्गात सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी एका वडिलांनी मला व्हिडिओ पाठवला. तुम्हीही पाहिला असेल. एका लांब नळीत सामन मासा टाकतात आणि तो सुर्रकन धरणाच्या पलीकडे जाऊन पडतो. खाली लिहिलं होतं, “मॅडम, सोल्युशन आहे.” पोरं तर वेडी झाली. मला मात्र यावरच थोडं भांडायचंय.

माशांना धरण ओलांडायला मदत करायचे बरेच मार्ग जगात आहेत. सर्वात जुना म्हणजे जिना: एकाहून एक उंच छोट्या कुंड्या, मासा एकातून दुसऱ्यात उडी मारत जातो. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून असे जिने आहेत आणि तिथे काचेच्या खिडकीतून मासे मोजतात. काही ठिकाणी उभ्या फटींच्या भिंती असतात, म्हणजे उडी न मारणाऱ्या माशालाही पोहत जाता येतं. काही ठिकाणी लिफ्ट. अहिरासारख्यांच्या पिल्लांसाठी नुसता ओला, खरबरीत उतार पुरतो, ती सरपटत चढतात. आणि सर्वात चांगला, माझ्या मते, म्हणजे धरणाच्या बाजूनं दगडगोटे टाकून काढलेला छोटा ओढा, नदीसारखाच दिसणारा.

पण प्रत्येक जिना कुणासाठी तरी बांधलेला असतो. सामनसाठी बांधलेला जिना चिवणीला काय उपयोगाचा? ती बोटभर लांब, उडी मारत नाही. शंभर मीटरच्या भिंतीला जिना लावायचा तर तो किती लांब करावा लागेल, याचं गणित सातवीच्या मुलांनीच मला करून दाखवलं. दर दहा मीटर अंतराला एक मीटर चढ धरला तरी एक किलोमीटर. आणि समजा चढला मासा. वर काय आहे? मैलोन्मैल साचलेलं, स्थिर पाणी. चढणीच्या माशाला पुढची वाट धारेनं कळते. धारच नाही तर तो जाणार कुठे? मग पिल्लांनी खाली यायचं कसं? मोठ्या अहिरानं परत समुद्राकडे निघायचं तर वाटेत वीजनिर्मितीची पाती. वर जायचा जिना सगळे दाखवतात, खाली यायची वाट कुठल्याच व्हिडिओत नसते.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. पाला, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, पूर्वी गंगेतून थेट अलाहाबादपर्यंत जायचा. १९७५ मध्ये फराक्का बॅरेज सुरू झालं आणि वरची इलिशची मासेमारी कोसळली. त्यानंतर ४४ वर्षांनी, २०१९ मध्ये, सरकारनं जाहीर केलं की बोटींसाठीच्या नव्या लॉकचं दार इलिशच्या वेळेला, पहाटे १ ते ५ दरम्यान, उघडं ठेवायचं. शास्त्रज्ञ खालचे मासे पकडून वर नेऊन सोडतातही. चांगलं आहे. पण ४४ वर्षं. आणि असं नाही की आधी कुणी सांगितलं नव्हतं. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञानं १८७३ च्या अहवालातच बंधाऱ्यांत माशांना वाट ठेवण्याची गरज मांडली होती. शंभर वर्षं कपाटात पडलेली गोष्ट.

दुसरा मार्ग आपल्याकडे फार आवडीचा: मत्स्यबीज सोडा. लोणावळ्याला डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महसीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली, आणि ते काम खरोखर मोठं आहे. पण तिथली खुद्रीची पिल्लं दूर कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या, कुबड्या महसीरला ती जड गेली. तो आज नष्ट होण्याच्या टोकाला आहे. भरवलेल्या पिल्लांनी आकडा वाढतो, मोडलेली वाट जुळत नाही.

मग करायचं काय? इथे माझं मत बऱ्याच जणांना फिकं वाटेल. मला वाटतं, आपल्याकडे मोठ्या धरणांआधी छोट्या अडथळ्यांकडे बघावं. आणि त्यातलं सर्वात चांगलं उदाहरण आपल्याच मातीत आहे: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीत दगडी खांब, खांबांमध्ये खाचा, खाचांमध्ये लाकडी किंवा लोखंडी फळ्या. या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, म्हणजे पूर मोकळा जातो. पाऊस संपत आला की घालायचे, म्हणजे उन्हाळ्याला पाणी साठतं. ज्यानं हा बंधारा काढला त्यानं माशांचा विचार केला असेल असं नाही, पण बघा, चढणीच्या दिवसांत नदी मोकळी! जगातले लोक कोट्यवधी खर्चून जे करतात ते आपल्याकडे फळ्या काढून होतं. अट एकच: बरगे वेळेवर निघाले पाहिजेत. आणि ते वेळेवर निघाले नाहीत, गंजून अडकले, अशा बातम्या आपण वाचतोच. पुरासाठी बरगे काढणं जितकं गरजेचं, तितकंच माशासाठी, हे कुठल्या पाठात आहे?

याच्या उलट सिमेंटचे नाला बांध. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार सुरू झालं तेव्हा ओढ्याओढ्यांवर असे बांध वाढले. पाणी अडलं, विहिरींना फायदा झाला, मी नाकारत नाही. पण त्या बांधाला दार नसतं, फळी नसते. कमरेएवढी सपाट भिंत. चिवणीला किंवा मळ्याला ती मोडक सागरइतकीच उंच आहे. बाजूला दगडगोट्यांचा उतार केला, नाहीतर मध्ये एक खाच ठेवली, तरी फरक पडेल. रस्त्याखालची मोरी तर आपण बघतच नाही. नळाचं तोंड ओढ्याच्या तळापासून हातभर वर राहिलं की पाणी त्यातून नळासारखं पडतं आणि मासा खाली उभा. मोरी बांधताना नळ हातभर खाली पुरायला जास्त पैसे लागत नाहीत, फक्त कुणाला तरी आठवण व्हावी लागते.

खाडीकडच्या गावांत खारबंधाऱ्यांना उघाडी असतात. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं. शेत खाऱ्या पाण्यापासून वाचतं, पण भरतीबरोबर आत येणारं जिताड्याचं पिल्लू दाराबाहेर. आमच्या माहुललाही हाच प्रश्न येऊ घातलाय. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत पावसाचं पाणी उपसण्यासाठी आठ उदंचन केंद्रं ठरली. सहा झाली, माहुल आणि मोगरा जागेपायी मागे राहिली. ते केंद्र व्हायलाच हवं. किंग्ज सर्कल, वडाळा, चुनाभट्टीला पाणी तुंबतं तेव्हा आमच्याच मुलांचे आईवडील कामावरून घरी पोचत नाहीत. पण त्याची दारं भरतीला बंद होणार. आता कुणी म्हणेल, त्या नाल्यात मासा आहेच कुठे? रास्त आहे. तेल, सांडपाणी, प्लास्टिक यातून आधी पाणी तर वाचलं पाहिजे. तरी खाडीच्या चिखलात निवट्या अजून उड्या मारतात, बोईट येतात, आणि शेजारी फ्लेमिंगो काहीतरी खाऊनच जगतात ना.

पालकांकडून एक आक्षेप हमखास येतो, म्हणून तो इथेच घेते. “बाई, वलगणीचे गाबोळीवाले मासे पकडून खाणारे आम्हीच, आणि धरणाला दोष?” हा प्रश्न टाळू नका. वर्गात घ्या. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासा अंडी घालतो म्हणून. ओढ्यात मात्र नेमक्या त्याच दिवसांत अख्ख्या गावाची जाळी लागतात. आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पूर्वी पण पकडायचे, पण ओढ्याला शंभर वाटा होत्या, एका वाटेला जाळं लावलं तर बाकीच्या मोकळ्या. आता एकच मोरी उरते आणि तिच्याच तोंडाशी सगळे उभे. मला हे उत्तर पुरेसं पटत नाही, थोडी तरी वाट सोडायलाच हवी असं मी तिला म्हटलं. ती हसली. पोरांनी मात्र दोन गट पाडून यावर जो वाद घातला, तसा वाद मी पाठ्यपुस्तकावरून कधी ऐकला नाही.

मोठ्या धरणांबद्दल मी हात वर केलेत असं समजू नका. बांधलेलं धरण पाडतात, हे ऐकून मुलं चकित होतात. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत पाडून झाली आणि त्याच ऑक्टोबरात सामन वर पोचले, शंभर वर्षांहून जास्त काळानं. आपली वैतरणेची धरणं पाडा असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण नवीन धरण कागदावर असताना विचारता येतं. वाडा तालुक्यात वैतरणेच्या उपनदीवर, गारगाईवर, मुंबईसाठी रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी देणारं धरण ठरलंय. किती झाडं जाणार, किती गावं उठणार, यावर बोललं जातं आणि जायलाच हवं. नदीतल्या माशाचं नाव त्या यादीत कितवं असेल? पावसाच्या पहिल्या आठवड्यात थोडं पाणी खाली सोडायचं, एवढी अट जरी आधी लिहिली गेली तरी खालच्या नदीला हाक मिळेल. नंतर फराक्कासारखी ४४ वर्षं थांबावं लागतं.

वर्गात मी काय केलं ते थोडक्यात. ‘नदीचे आत्मवृत्त’ बाजूला ठेवलं आणि विषय दिला, ‘मी चिवणी बोलतेय’. साचा दिला नाही. दोन-तीन मुलांनी तरीही ‘सह्याद्रीच्या कुशीत माझा जन्म झाला’ असंच लिहिलं, त्याला इलाज नाही. बाकीच्यांनी घरी विचारून लिहिलं. पुनर्वसन इमारतीतल्या एका मुलाचं गाव शहापूर तालुक्यात आहे. त्यानं आजोबांना फोन करून विचारलं, तर त्यांनी ओढ्यावरच्या माशांची अशी नावं सांगितली की त्यातली निम्मी मला शोधूनही सापडली नाहीत. भूगोलाच्या सरांनी वैतरणेचा नकाशा काढून घेतला, गणिताच्या मॅडमनी उताराचं गणित. हे करायला पैसे लागले नाहीत. परवानगी फक्त खाडीकाठी जायला लागली आणि तिथे आजीच आमची मार्गदर्शक होती. लाल रेघ मी खोडली, अर्धा गुण परत दिला, आणि वर्गासमोर सांगून दिला.

सध्या मुलं एक पत्र लिहितायत, महापालिकेच्या जल अभियंत्यांना. भातसा धरणाच्या बरंच खाली, भिवंडी तालुक्यात पिसे इथे मुंबईचं पाणी उचलायला बंधारा आहे. त्याची दारं हवेच्या रबरी फुग्यांवर उभी राहतात. हवा काढली की दार खाली. पोरांनी हे ऐकलं आणि एकानं लगेच विचारलं, “बाई, मग पहिल्या पावसात चार दिवस हवा काढली तर?” तसं करता येतं का, किती दिवस, शहराच्या पाण्याचं काय, हे सगळं पत्रात विचारायचं ठरलंय. मायना झालाय, विषय लिहून झालाय. अडलंय ते दुसऱ्या ओळीत: ‘मासे’ लिहायचं की ‘मासली’, यावर अर्धा वर्ग एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या.